गुडघ्याचा सोमवार

मला गेम विकत घ्यायचा नाद आहे. खेळायचा म्हणाल तर तेवढा नाही. दिवाळीचा सेल लागला की घेतो, नाताळचा लागला की घेतो, आणि घेतलेला गेम रांगेत शेवटी जाऊन बसतो. सोलापुरात ज्याच्या कपाटात न वापरलेल्या चादरी नाहीत असं एक घर मला दाखवा. लग्नात आलेल्या, वास्तुशांतीला आलेल्या, अजून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न पडलेल्या. कुणाला तरी देता येतील म्हणून ठेवलेल्या. माझे गेम तसेच, फक्त ते कुणाला देताही येत नाहीत. बायको म्हणते, "रिटायर झालात की खेळा." माझ्या रिटायरमेंटला अजून पुष्कळ वर्षं आहेत, पण रांग ज्या वेगानं वाढते आहे ते पाहता मला मुदतवाढ मागावी लागणार.

यंदा मात्र त्यातले बरेच खेळून झाले. त्याला कारण माझ्या सासऱ्यांचा गुडघा.

सासऱ्यांना बायको आप्पा म्हणते, मी आमच्याकडच्या पद्धतीनं मामा म्हणतो. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून त्यांचं गाव. तिथं त्यांची थोडी काळी जमीन, एक बैलजोडी, आणि सासूबाई गेल्यापासून एकट्यानं करून खाणं. घरात बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. आमच्या घरातलं कानडी माझ्या आजोबांबरोबर संपलं, माझ्यापर्यंत फक्त शिव्या पोचल्या. दसऱ्याच्या सुमाराला मामांचा उजवा गुडघा इथल्या दवाखान्यात बदलला आणि त्यांना थेट आमच्या फ्लॅटवर आणलं, कारण आमच्याकडं लिफ्ट आहे आणि कमोडचा संडास आहे.

आता लेकीच्या घरी राहायचं म्हणजे मामांच्या पिढीला मोठं संकट. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत ही माणसं. आमची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर राहण्याएवढी मोठी झाली, तरी मामा आमच्याकडं पाणी पितात ते मी पेला मोजतोय अशा नजरेनं माझ्याकडं बघत. दवाखान्यातून आले तेव्हाही गावाकडून ज्वारीचं पोतं येईपर्यंत त्यांनी भाकरीला हात लावला नाही, भूक नाही म्हणाले. पोतं आलं आणि भूक लागली.

माझं आणि त्यांचं इतक्या वर्षांत बोलणं म्हणजे "बरं हाय का, पाव्हनं?" आणि "बरं आहे, मामा." मग पाऊस. मग ते बाहेर तंबाखूला जायचे आणि मी मोबाइल काढायचो. दोघांचंही उत्तम चाललं होतं. पण बायको शाळेत शिकवते, सकाळी जाते ती दुपार कलल्यावर येते. मी घरून काम करतो, बाहेरगावच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. चुका शोधायचे पैसे मिळतात म्हटल्यावर स्वभाव कसा झाला असेल ते बायकोला विचारा. तर दिवसभर घरात आम्ही दोघंच. ते हॉलमधल्या दिवाणावर, मी समोरच्या टेबलाशी, मध्ये टीव्ही.

फिजिओथेरपीवाली मुलगी पहिले काही आठवडे येत होती. हसतमुख, पण मनगट पैलवानाचं. जाताना तिनं मला दारात सांगितलं, "गुडघा आत्ता वाकला तर वाकला. आत्ता राहिला, तर पुढं अवघड. मग आजोबांना सांगा, शेत विसरा." मामांनी ते दिवाणावरून ऐकलं आणि छान मान हलवली. ती लिफ्टमध्ये गेली की त्यांनी पायावर चादर ओढून घेतली.

दिवाणाच्या कडेला बसून टाच मागं ओढायची, एवढाच व्यायाम. मामा कानडीत मोजायचे. "वंदु, येरडु, मूरु," आणि मग "साकु." साकु म्हणजे पुरे. चार हा आकडा मला कानडीत कळायला नंतर बरेच दिवस लागले. बायको संध्याकाळी विचारायची, "आप्पा, व्यायाम झाला?" ते म्हणायचे, "झाला की." मी दोघांकडं बघून गप्प. जावयानं सासऱ्याची चुगली करायची नसते, आणि ओरडायचं तर त्याहून नसतं.

दुपारी जेवणानंतर मला तासभर सुटी असते. गप्प बसून गप्प बसून इतका कंटाळलो की एका दुपारी टीव्हीला यंत्र जोडलं आणि रांगेतला पहिला गेम लावला.

पहिला होता तलवारीचा. सगळीकडं अंधार, पडकी देवळं, प्रत्येक वळणावर एक राक्षस. जगभरच्या लोकांनी डोक्यावर घेतलेला गेम. मी पहिल्याच राक्षसाकडून मेलो. पुन्हा मेलो. बटणं घट्ट आहेत म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. मामा चादरीतून बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ह्यो गडी लई मरतोय की."

"अवघड आहे, मामा."

"त्या म्होरच्या मानसानं ह्येचं काय वाकडं केलंय?"

"काही नाही. वाटेत उभा आहे."

"मग बाजूनं जावा की."

मी बाजूनं गेलो. गेलो की खरंच. राक्षस पाठीमागं हात हलवत राहिला आणि मी दार उघडून पुढच्या गावात. लोक म्हणे महिनोन्‌महिने त्या राक्षसाशी झुंजतात. त्यानंतर मला त्या गेममध्ये राम वाटेना. मत विचाराल तर अंधार सुंदर आहे, भांडणाचं कारण पटत नाही.

दुसरा ट्रकचा. परदेशातले रस्ते, तुम्ही मालवाहू ट्रक चालवायचा, बास. हा मी दोन वर्षांपूर्वी कशाला घेतला ते आठवत नाही. पण इतका आवडला की ऑफिसची मीटिंग चुकली. रस्ता लांबच लांब, दोन्हीकडं हिरवंगार, कुणी आडवं येत नाही. मामांना तेच खटकलं. "ह्या देशात मानसं न्हाईत व्हय?" मग विचारलं, "च्या कुटं पित्यात?" मी ट्रक बराच शोधत हिंडवला. पेट्रोलपंप होते, चहा नव्हता. गाडीत काय माल आहे, हेही त्यांनी विचारलं. बघितलं तर बटाटे. मामा उठून बसले आणि म्हणाले, हळू घ्या, दबतील. तिथून पुढं आम्ही तो ट्रक बैलगाडीच्या बेतानं नेला, माल उशिरा पोचला, आणि पलीकडच्या व्यापाऱ्यानं आमचं भाडं कापलं. मामांना त्याचा राग संध्याकाळपर्यंत पुरला.

तिसरा गेम माझ्या हातात राहिलाच नाही. त्यात नवीन घरात सामान लावायचं असतं, खोकी उघडायची, एकेक वस्तू जागेवर ठेवायची. बायको शाळेतून आली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिनं माझ्या हातून रिमोट काढून घेतला आणि दोन दिवस दिला नाही. "ह्या बाईच्या घरात देवघर कुठं करायचं?" देवघर नव्हतंच. तिनं एक पुतळी शोधून फ्रिजवर ठेवली, गेमनं लाल रेघ मारून चूक दाखवली, तिनं पुन्हा ठेवली. शेवटी गेम हरला.

चौथा मात्र माझा. एक माणूस एकट्या बेटावर चालत असतो, बायको गेलेली असते, आणि त्याच्या आठवणी वाटेत सांडलेल्या. ना मारामारी, ना कोडं. नुसतं चालायचं, समुद्र ऐकायचा. मी तो एका रविवारी सलग खेळलो आणि शेवटी माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मामा तोवर घोरत होते. जाग आली तेव्हा पडद्यावर शेवटची नावं सरकत होती.

"गावलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"जे काय हुडकत हुता ते."

"नाही, मामा."

"मग?"

"संपला गेम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं ते अजून विसरलो नाही. लेक कुठं दिली, असा काहीसा भाव होता.

आणि मग शेतीचा गेम. हा मी स्वतःसाठी घेतलाच नव्हता, तीन गेमवर एक फुकट मिळाला होता. एक पडीक रान वारशात मिळतं. दगड वेचायचे, एक बैल, एक नांगर, एक झारी, आणि बियांची पुडी. माझा शेतीशी संबंध भाजीच्या पिशवीपुरता. मी बैल नांगराला जुंपला आणि सरळ उभा वरून खाली नेला.

"आडवं मारा," दिवाणावरून आवाज आला. "उतार बगा कुनीकडं हाय."

गेममध्ये उतार होता. मला दिसला नव्हता, मामांना दिसला होता.

त्या दिवसापासून माझी दुपार माझी राहिली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं मामांना छान जमायचं. जेवण झालं की म्हणायचे, "तुमची ती कामं आसतील." मी म्हणायचो, आहेत. थोड्या वेळानं, "रानाला पानी घातलं न्हाई कुनी." मग मी एके दिवशी सौदा केला. गेममधला एक दिवस साधारण पाव तासात मावळतो. म्हटलं, मामा, रान मी करतो, पण दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तुम्ही टाच मागं ओढायची. तुम्ही थांबलात की मी थांबलो. मामांनी विचार केला. जावयाचं फुकट घ्यायचं नव्हतंच त्यांना, हे बरं पडलं. दिवाणाच्या कडेला बसले, पायाखाली टॉवेल घेतला. "वंदु, येरडु, मूरु, नाकु." मला तेव्हा कळला चार.

ते बघताना मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवायचं नाही. दुखत होतं त्यांना, कपाळावर घाम यायचा, पण डोळे पडद्यावर. "तण काढा. त्ये काय उगवलंय बांदाला, काढा." गुडघा रोज बोटभर पुढं जात होता. फिजिओवाली मुलगी एकदा सहज डोकावली आणि म्हणाली, आजोबा, काय जादू केली? मामा म्हणाले, रान लावलंय.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सोमवार आला. त्यांच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत. बैलाचा वार, त्याला अंघोळ घालायची, चारा टाकायचा, औताला हात लावायचा नाही. मला हे ऐकून माहीत होतं, पण टीव्हीतल्या बैलालाही लागू होईल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मामा, हे चित्र आहे. मामा म्हणाले, "चित्र हाय तर देवाला का पाया पडताय? त्ये बी चित्रच हाय." पुढं कळलं की गेममध्येही आठवड्याचे वार आहेत, आणि तिथला सोमवार आमच्या गुरुवारी आला. मामांनी तोही पाळला. भिंतीवरच्या कॅलेंडरातला एक सोमवार, गेममधला एक, असा आमचा बैल महाराष्ट्रातला सगळ्यात सुखी बैल झाला.

बैलाचं एक वेळ ठीक. पण सोमवारी टॉवेलही बाजूला.

"मामा, गुडघ्याचा काय संबंध?"

"बैलाला सुट्टी हाय, मग मालकाला का न्हाई? गुडग्याचा बी सोमवार आसतो, जावईबापू."

एवढं बोलून ते इतक्या खुशीत हसले की मला भांडता येईना. बायकोला सांगितलं तर तीही बापाचीच लेक, म्हणाली, "बरोबर आहे." तर ठरलं, गुडघ्याला सोमवारी सुटी.

घोटाळा झाला तो पुढं. गेममधला शरद ऋतू संपत आला. उन्हाळी पीक निघालं, हातात बरीच बियाणं आली. त्यात एका रोपाचं चित्र उंच धाटाचं, वर कणीस. मामा म्हणाले, ज्वारी. इंग्रजीत भलतंच काही लिहिलं होतं, पण म्हटलं असेल. "आता पेरा," ते म्हणाले. मी वाचून दाखवलं की हिवाळ्यात पीक टिकत नाही असं इथं लिहिलंय. मामांना हसू आवरेना. "हिवाळ्यात न्हाई तर कवा? आरं, थंडीवरच पोसती की ज्वारी. दव पिऊन वाडती."

आता तुम्हीच सांगा, मी कुणाचं ऐकावं? इकडं जन्मभर रब्बी काढलेला माणूस, तिकडं कुठल्या तरी थंड देशातला एक पोरगा ज्यानं हा गेम लिहिला. आणि आमच्या जिल्ह्यात ज्वारी हिवाळ्यातच उभी असते, हे मलाही हुरड्यापुरतं माहीत होतं. मी होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं. एक वाफा शिल्लक ठेवला नाही. रोपं उगवली, हिरवीगार दिसायला लागली. मामा खूश. गुडघा त्या आठवड्यात काटकोनाला आला.

मग गेममध्ये महिना बदलला. सकाळ झाली आणि पडदा पांढरा. बर्फ. सगळं रान एका रात्रीत सपाट, रोपाचं नावनिशाण नाही. बैल गोठ्याच्या दारात उभा.

मी हसणारच होतो. मागं बघितलं तर मामा हसत नव्हते. टॉवेल जमिनीवर होता. "साकु," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

पुढचे कितीतरी दिवस त्यांनी टॉवेल हातात घेतला नाही. टीव्ही लावला की डोळे मिटून घ्यायचे. मला आधी वाटलं, माझ्यावर रुसलेत. मग वाटलं, गेमवर रुसलेत, लहान मुलासारखं काय हे, आणि मला रागच आला. घरी आलेला माणूस पाय आखडून बसलाय, बायको रात्री माझ्याकडं चिंतेनं बघते, सगळं एका टीव्हीतल्या बर्फामुळं. मी त्या रागात गेमवाल्यांना लांबलचक इंग्रजी मेल लिहिला. तुमच्या गेममध्ये गंभीर चूक आहे, जगात अशी गावं आहेत जिथं धान्य हिवाळ्यात पिकतं. कामाच्या वेळेत लिहिला, पण चुका शोधायचंच माझं काम, म्हणजे नियमात बसतो. त्यांच्या यंत्रानं आभार मानले.

तेवढ्यावर थांबतो तर मी कसला. या गेमच्या फायली उघडता येतात, कुठलं पीक कुठल्या ऋतूत जगेल ते साध्या ओळीत लिहिलेलं असतं. मी ज्वारीच्या ओळीत हिवाळाही लिहिला आणि बर्फाआधीच्या रात्रीपासून गेम पुन्हा चालवला. दुपारी टीव्ही लावला. बर्फ पडलेला, आणि त्या बर्फात कंबरेएवढी ज्वारी, हिरवी, डुलणारी. मी म्हटलं, मामा, बघा तरी.

त्यांनी बघितलं.

"ह्ये तुमी केलं."

"हो."

"म्हंजे खोटं."

"तसं सगळंच खोटं आहे, मामा."

"तसं न्हवं." ते उठून बसले. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागले, आणि इतक्या वर्षांत एकदम इतकी वाक्यं मी त्यांच्याकडून ऐकली नव्हती. "यंदा पेरनी मी केली न्हाई. शेजाऱ्याला वाट्यानं दिलं रान. पयल्यांदा. त्यो चांगला मानूस हाय, पेरलं त्येनं, उगवलं बी आसंल. पर मी बगितलं न्हाई. ह्या पायानं काळ्या रानात जमतंय का न्हाई, त्येच मला कळंना. घोट्याएवडी माती आसती तितं, फरशी न्हाई. न्हाईच जमलं तर? आसं पडून ऱ्हायलं की निदान ठरत तरी न्हाई. भीती वाटती, जावईबापू."

घरात कुणी भीती वाटते असं म्हणत नाही, मामांसारखी माणसं तर नाहीच. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं, की हे त्यांनी लेकीला नाही, मला सांगितलं. म्हटलं, मामा, माझ्याकडं इतके गेम पडलेत ना, ते सगळे चांगले आहेत. कारण लावले नाहीत. लावला की कळतं, मग पस्तावा. त्यांना यातलं किती कळलं कुणास ठाऊक. ते एवढंच म्हणाले, "त्यो राक्षसवाला काय चांगला न्हवता."

मग मीच म्हणालो, वेळ अमावस्येला जाऊ या रानात, तुम्हाला बांधावर खुर्ची टाकतो.

वेळ अमावस्या म्हणजे आमच्या भागात शेतात जाऊन उभ्या पिकाची पूजा. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिला कोपी म्हणतात, आत चुना लावलेले दगड मांडायचे, तेच पांडव. मग शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आणि ताकात शिजवलेली ज्वारीच्या पिठाची आंबट आंबील. गावंच्या गावं त्या दिवशी ओस पडतात, सगळे रानात. मामांनी बोटांवर दिवस मोजले. "खुर्ची नको," म्हणाले. "रान बांदावरनं बगायला मी काय पाव्हना हाय?"

बायकोनं कॅलेंडर बघितलं, अमावस्या सोमवारी येत होती. तिनं शाळेत रजा टाकली. मामांनी खाली पडलेला टॉवेल मला द्यायला सांगितला. "वंदु, येरडु," चार, पाच, आणि मग पुढं जे आकडे मला अजून येत नाहीत ते सगळे.

टीव्हीची गरज राहिली नाही. मी त्या दिवसांत एक फुटबॉलचा गेम खेळलो, ठीक होता. एक कोड्यांचा खेळलो, डोकं दुखलं. नीट आठवत नाहीत. मन त्या टॉवेलकडं असायचं.

अमावस्येला आम्ही सकाळीच निघालो. खुर्ची मी गुपचूप डिकीत घातली होती, मामांनी बघितली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. रानाशी पोचलो तर ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, निसवायला लागलेली, कणसं बाहेर डोकावणारी. शेजाऱ्यानं कोपी रानाच्या मधोमध केली होती. बैलजोडी लिंबाखाली बांधलेली, सोमवार म्हणून धुतलेली, शिंगं रंगवलेली. बायको डबे घेऊन कोपीकडं गेली. मामा काठी टेकत लिंबापर्यंत आले आणि थांबले. समोर भेगाळलेली, ढेकळांची काळी जमीन. त्यांनी एक पाय टाकून बघितला आणि मागं घेतला.

पूजा झाली की आंबील रानाच्या कडेनं शिंपडत फेरी घालायची असते. पुढचा माणूस कानडीत आरोळी देतो, मागच्यानं साथ द्यायची. ते मालकाचं काम, पिढ्यान्‌पिढ्या मामांच्या घरचं. कोपीतली पूजा उरकून शेजाऱ्यानं आंबिलीचं मडकं लिंबापाशी आणून दिलं, मामांनी ते हातात घेतलं, रानाकडं बघितलं आणि माझ्यापुढं धरलं.

"धरा."

सासुरवाडीत जावयाला पाट देतात, काम देत नाहीत. इतक्या वर्षांत त्या घरी मी स्वतःचं ताट उचललेलं नाही. शेजारी माझ्याकडं, मी मामांकडं.

"धरा की. आता काय पाव्हनं ऱ्हायला न्हाई तुमी." आणि काठीही दिली. "ही बी घ्या, पानं कापत्यात, सारत जावा."

मी निघालो. शेजारी पुढं आरोळी ठोकत, मी मागं आंबील शिंपडत, आरोळीला चुकीची साथ देत. आजूबाजूच्या रानांतून हसण्याचे आवाज आले. मीही हसत होतो, हातावर पानांनी ओरखडे काढले होते, ऊन छान होतं. फेरी पुरी करून लिंबाशी आलो.

मामा तिथं नव्हते. बैल होते, डिकीतली खुर्ची डिकीतच होती, आणि त्यांची काठी माझ्या हातात होती.

हाक मारली, ओ आली नाही. मग लिंबासमोर ज्वारीत एक वाट पडलेली दिसली, धाटं दोन्हीकडं कलंडलेली. ढेकळांमधल्या भुसभुशीत मातीत पावलं उमटली होती, एक खोल, एक फरपटत गेलेलं. पुढं पुढं फरपटलेलंही खोल व्हायला लागलेलं. मी मडकं छातीशी धरून त्याच वाटेनं शिरलो. उरलेली आंबील शर्टावर सांडली.

बाहेर निघालो तो कोपीसमोर. बायको तोंडावर हात ठेवून उभी होती. आणि तिच्यापुढं मामा, धोतराला माती, गालावर पानाचा ओरखडा, धाप लागलेली, दोन्ही पायांवर उभे. मला त्यांना रागवायचं होतं. पडला असता तर, असं म्हणायचं होतं. पण डोळेच त्या बेटाच्या गेमपेक्षा जास्त भरून आले.

मामांनी माझ्या हातातल्या काठीकडं बघितलं, मग लांब लिंबाखालच्या बैलांकडं.

"आज सोमवार हाय, जावईबापू," ते म्हणाले. "बैलं बांदल्यात. मी मातूर मोडला बगा."